तीन दिवस अंगावर काढलं

घामोळं समजून घरातलं खाजेचं मलम चोपडत बसले. आधी नुसती चुणचुण, मग मोहरीएवढ्या फोडांचा पुंजका. ते फुटले आणि लघवीला बसलं की डोळ्यांतून पाणी. आज डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी सांगितलं, गुप्तांगाचा हर्पिस, शरीरसंबंधातून पसरणारा विषाणूचा आजार. (नागीण नव्हे, तिचा विषाणू वेगळा.) खात्रीसाठी फोडातलं पाणी तपासणीला घेतलं. असायक्लोविरच्या गोळ्या लगेच सुरू. फोड लवकर सुकतील, पण विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो, पुन्हा उठू शकतो. फोड नसतानाही लागण होते, म्हणून कधी, कुणाकडून, हे सांगणं अवघड. हे ऐकून नवऱ्यावरचा राग अर्धा उतरला. अर्धा आहे अजून.