बाबांचे पिस्तूल आणि कलम ४५

गेल्या महिन्यात आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगरात एका मुंजीला गेलो होतो. जेवताना शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी बाबांना विचारले, "काय साहेब, पिस्तूल बरोबर आहे की आज घरी?" बाबा हसले आणि श्रीखंडाची वाटी त्यांच्याकडे सरकवून मोकळे झाले. प्रश्न थट्टेचा नव्हता. पोलिसातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याला हत्यार बाळगण्यासाठी परवाना लागत नाही, त्याचे ओळखपत्र हाच त्याचा परवाना, अशी समजूत इंदूरातल्या चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांतही आहे, आणि खोटे कशाला बोलू, २०१४ पर्यंत ती काही अंशी माझीही होती. मी वकिली करते, पण दिवाणी बाजूची. शस्त्रांच्या कायद्याची पाने मी उलटली ती बाबांसाठीच.

बाबा मध्य प्रदेश पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून लागले आणि २०१४ साली, साठाव्या वर्षी, निरीक्षक म्हणून, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत टीआय म्हणून, निवृत्त झाले. त्या दिवशी दुपारी हार-नारळाचा समारंभ होता; सकाळी मात्र त्यांना पोलीस लाइनीतल्या कोतावर जायचे होते. कोत म्हणजे शस्त्रे ठेवण्याची खोली. गाडी मी चालवत होते, म्हणून दारात उभी राहून मला सगळे पाहता आले. हवालदाराने नऊ एमएमचे पिस्तूल हातात घेतले, मॅगझिन काढले, स्लाइड मागे ओढून आत गोळी नसल्याची खात्री केली आणि पिस्तुलावर कोरलेला क्रमांक मोठ्याने वाचला. शिपायाने रजिस्टरच्या रकान्यावरून बोट फिरवत तो ताडून पाहिला. मग काडतुसे टेबलावर एकेक उभी करून मोजली. बाबांनीही ती मोजली आणि सही केली. पट्टा तेवढा त्यांचा स्वतःचा होता, तो घरी आला. त्याच्या उजव्या अंगाला, जिथे वर्षानुवर्षे होल्स्टर घासत असे, तिथे चामडे काळे आणि गुळगुळीत झाले होते.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय कोणालाही बंदूक, पिस्तूल किंवा काडतूस घेता, ठेवता अथवा बाळगता येत नाही. मग गणवेशातल्या फौजदाराच्या खिशात परवाना कसा नसतो? त्याचे उत्तर कलम ४५ मध्ये आहे. या अधिनियमातून ज्या गोष्टी वगळल्या आहेत, त्यांत लोकसेवकाने लोकसेवक या नात्याने, कर्तव्याच्या ओघात बाळगलेले शस्त्र येते. सूट कर्तव्याला चिकटलेली आहे, त्यामुळे कर्तव्याबरोबर तीही संपते.

आता पोलिसाचे कर्तव्य सुरू केव्हा असते आणि संपते केव्हा, हे १८६१ च्या पोलीस अधिनियमात पाहावे लागते, कारण आमच्या राज्यात आजही तोच लागू आहे. त्याचे कलम २२ म्हणते की प्रत्येक पोलीस अधिकारी सदैव कामावर आहे असे मानले जाईल. म्हणूनच गणपतीच्या आरतीला टाळ वाजवतानाही बाबांच्या कमरेला पिस्तूल असे आणि त्यात बेकायदा काही नसे. आईला ते आवडत नसे, ही गोष्ट वेगळी. त्याच अधिनियमाचे कलम ८ मात्र असे सांगते की नेमणुकीच्या वेळी मिळालेले प्रमाणपत्र, ज्याच्या बळावर पोलिसाला त्याचे अधिकार मिळतात, ते तो कोणत्याही कारणाने पोलीस अधिकारी राहिला नाही की निष्प्रभ होते आणि त्याने ते ताबडतोब परत करायचे असते. चोवीस तासांची ड्यूटी एका सहीने संपते. मधली पायरी इंग्रजांनी ठेवली नव्हती, आपणही ठेवली नाही. निवृत्तांच्या ओळखपत्राला इतर ठिकाणी मान असेल, कलम ४५ पुढे ते चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना पिस्तूल बाळगण्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद अशी आहे. ती निवृत्त टीआयलाही तेवढीच लागू आहे.

अटकेच्या अधिकाराचेही तसेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार आपल्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही खाजगी व्यक्ती पकडू शकते, मात्र त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. बाबांना आज एवढाच अधिकार आहे, तुम्हाआम्हाला आहे तितकाच.

तरीही त्यांना हत्यार हवे होते, आणि ते शौकापोटी नव्हते. नोकरीत त्यांनी पकडलेल्या एका टोळीतला माणूस शिक्षा भोगून सुटला आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पानवाल्याकडे दोनदा त्यांची चौकशी करून गेला. पुढे त्याने काही केले नाही, पण आईची झोप त्या दोन चौकश्यांनी उडवली. पोलिसात तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाचे वैरी त्याच्याबरोबर निवृत्त होत नाहीत, हे आमच्या घराला तेव्हा कळले.

सुदैवाने १५ जुलै २०१६ ला अधिसूचित झालेल्या नव्या शस्त्र नियमांत यासाठी एक वाट आहे. सैन्यदले, केंद्रीय सशस्त्र पोलीस दले किंवा राज्य पोलीस यांच्या सेवेत असलेल्या अथवा सेवा केलेल्या व्यक्तीला जीविताच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज असेल, तर परवाना अधिकारी पोलीस अहवाल आणि स्वतःचे मत यांच्या आधारे तिच्या अर्जाचा विचार करू शकेल, असे नियम १२ सांगतो. 'करू शकेल' हे क्रियापद वाचताना आम्ही वकील नेहमी थांबतो. यातून हक्क निर्माण होत नाही, फक्त दार ठोठावता येते. आणि त्याच दाराशी धंद्यामुळे धोका असलेले सराफ, व्यापारी आणि नेमबाजीचे खेळाडूही उभे असतात.

बाबांनी २०१७ मध्ये अर्ज केला. पोलीस अहवालासाठी जवळच्या थान्यातून एक तरुण उपनिरीक्षक घरी आला. प्रशिक्षणानंतरचे पहिले काही महिने त्याने बाबांच्याच हाताखाली काढले होते. तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला, पोह्यांच्या बशीला त्याने हात लावला नाही, आणि फॉर्मवरून नजर न उचलता म्हणाला, "सर, पूछना पड़ेगा. आपके खिलाफ कोई प्रकरण दर्ज है?" बाबांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे असल्यासारखे सरळ बसून उत्तर दिले, "नहीं." मग घरात कोण कोण राहते, दारूचे व्यसन आहे का, मानसिक आजारावर उपचार झाले आहेत का, हे सगळे प्रश्न त्याने क्रमाने विचारले. तो गेल्यावर बाबा आईला म्हणाले की पोराने एकही रकाना सोडला नाही, चांगला निघाला. मला मात्र त्या अर्ध्या तासात कलम ८ चा अर्थ पुस्तकापेक्षा जास्त कळला.

पुढे फाइल एका टेबलावर नऊ महिने पडून राहिली. कोणत्या टेबलावर, ते लिहून आता काही साधणार नाही.

परवाना आला तो २०१८ मध्ये, आणि मग कळले की ज्या पिस्तुलावर बाबांचा हात बसला होता ते त्यांना घेताच येत नाही. पोलिसांची आणि सैन्याची नऊ एमएम काडतुसे ज्यात चालतात ती हत्यारे निर्बंधित वर्गात मोडतात आणि त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाखेरीज कोणी देत नाही. जुन्या .३८ रिव्हॉल्वरचेही (हा आकडा नळीच्या मापाचा) तेच. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला येते ते .३२. बाबांनी कानपूरच्या कारखान्यातले .३२ रिव्हॉल्वर आणि पंचवीस काडतुसे घेतली. हातात तोलून पाहत ते म्हणाले, "खेळणे आहे." किंमत मात्र खेळण्याची नव्हती.

बाळगण्याचे नियमही त्यांनी मला वाचून दाखवायला लावले. सार्वजनिक जागी रिव्हॉल्वर न्यायचे तर ते होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि पूर्णपणे आपल्या ताब्यात असले पाहिजे. ते परजता येत नाही. लग्नात, मिरवणुकीत, जत्रेत गोळी झाडता येत नाही. हर्षोल्हासात बेदरकारपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. ग्वाल्हेर-चंबळकडच्या वराती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या तरतुदीची गरज समजावून सांगावी लागणार नाही. शिवाय बाबांचा परवाना मध्य प्रदेशापुरता. पुण्याला आत्याकडे जाताना सेंधव्याचा घाट उतरण्याआधी ते हत्यार घरीच राहिलेले असावे लागते.

आणि निवडणूक लागली की ते थान्यात जमा करायचे. २०१८ ची विधानसभा, २०१९ ची लोकसभा, २०२२ ची महानगरपालिका, २०२३ ची विधानसभा, २०२४ ची लोकसभा, असे पाच वेळा बाबा सराफांच्या आणि पेट्रोल पंपवाल्यांच्या रांगेत उभे राहिले. एकदा एका ओळखीच्या हवालदाराने त्यांना पुढे बोलावले, तेव्हा ते गेले नाहीत. मला वाटते, तेथे पुढे गेले असते तर नंतर त्यांनाच चैन पडले नसते.

माझा मोठा भाऊ न्यू जर्सीत एडिसनला राहतो. हे सगळे ऐकून तो चकित होतो, कारण त्याच्या शेजारचे निवृत्त पोलीस अधिकारी कोटाच्या आत पिस्तूल ठेवून कोणत्याही राज्यात फिरतात. अमेरिकेत २२ जुलै २००४ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सहीने लॉ एन्फोर्समेंट ऑफिसर्स सेफ्टी ॲक्ट अमलात आला. चांगल्या नोंदीनिशी सेवा सोडलेल्या आणि एकूण किमान दहा वर्षे पोलिसी काम केलेल्या अधिकाऱ्याला (२०१० पूर्वी ही अट पंधरा वर्षांची होती) राज्याचा कायदा काहीही म्हणो, झाकलेले पिस्तूल बाळगता येते. खाजगी मालक आपल्या जागेत आणि राज्य आपल्या सरकारी इमारतींत त्याला मनाई करू शकते; मशीनगन आणि सायलेन्सर यांना ही सवलत नाही; दारूच्या अमलाखाली असताना तर नाहीच. न्यू जर्सीने आपला वेगळा परवाना घ्यावा लागेल, तो पंचाहत्तरीपुढे मिळणार नाही आणि पोकळ टोकाच्या गोळ्या वापरता येणार नाहीत, असा आग्रह धरला होता. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने संघराज्याचा कायदा वरचढ असल्याचे ठरवून तो आग्रह मोडीत काढला.

दादाला वाटते, आपल्याकडेही असे हवे. मला तसे वाटत नाही. तिथे शस्त्र बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क आहे आणि निवृत्त पोलिसाची सवलत त्या जमिनीवर उगवलेली आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क भारतात नाही. पोलिसाचा दरारा पिस्तुलाबरोबर घरी नेऊ दिला, तर तो गल्लीतल्या भांडणात, भाडेकरूच्या वादात आणि भावाभावांच्या वाटण्यांत बाहेर निघतो. वाटण्यांचे दावे मी रोज चालवते, म्हणून हे अंदाजाने बोलत नाही.

पण त्या कायद्यातली एक अट मला मनापासून पटते. गेल्या बारा महिन्यांत स्वतःच्या खर्चाने नेमबाजीची चाचणी उत्तीर्ण झाल्याचा दाखला त्या निवृत्त अधिकाऱ्याजवळ असावा लागतो. दादाचे शेजारी दरवर्षी रेंजवर जातात आणि परत येऊन स्वतःच्या डोळ्यांना शिव्या देतात. बाबाही नोकरीत चांदमारीला जात. परवाना मिळाल्यानंतर मात्र त्यांनी एकही गोळी झाडलेली नाही, आणि त्यांचा हात अजून स्थिर आहे का, हे त्यांना कोणी विचारलेले नाही. नव्या परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा नियम २०१६ पासून आहे, पण दरवर्षी निशाणा तपासणारी तरतूद आपल्याकडे नाही. २०२१ मध्ये नूतनीकरण झाले, तेव्हा २०१९ च्या दुरुस्तीमुळे परवान्याची मुदत तीनाऐवजी पाच वर्षे झालेली होती. सदुसष्टाव्या वर्षी मिळालेली मुदत बहात्तराव्या वर्षापर्यंत चालणार होती.

हात स्थिर राहिला नाही. दोन वर्षांपूर्वी चहाचा कप बशीवर वाजू लागला तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. २०२४ च्या मे महिन्यातले मतदान, ज्यात इंदूरने नोटाला दोन लाखांहून अधिक मते दिली, ते होऊन गेले, निकाल लागला, बाकीचे लोक आपापली हत्यारे घेऊन गेले. बाबा गेले नाहीत. थान्यातून दोनदा फोन आला. सत्तरी गाठलेल्या परवानाधारकाला आपले हत्यार वारसाच्या नावावर करून देता येते, अर्थात वारसाला स्वतःचा परवाना मिळाला तर, असाही एक नियम आहे. तो मीच त्यांना वाचून दाखवला होता. एके संध्याकाळी त्यांनी विचारले, "तुझ्या नावावर करू का?" मी नको म्हटले. त्यांनी पुन्हा विचारले नाही, मला अर्ज लिहायला सांगितला.

रिव्हॉल्वर आता परवानाधारक विक्रेत्याकडे जाईल. थान्याच्या पावतीवर काडतुसे पंचवीस लिहिली आहेत. सोमवारी जायचे ठरले आहे, आणि बाबांनी बजावले आहे की सही करण्याआधी ती टेबलावर उभी करून मोजायची.