तासाला चार लिटर

उन्हाळ्यात सोलापूरकडची माणसं एकमेकांची खुशाली विचारायच्या आधी उजनीची विचारतात. ‘मायनसमध्ये गेली का ओ?’ धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा. त्याला हात लागला की आकडा उणे होतो. २०२३ च्या पावसाळ्यात उजनी जेमतेम साठ टक्के भरली आणि पुढच्या जूनपर्यंत उणे साठच्या जवळ गेली. आमचं शेत सांगोला तालुक्यात, कालव्यापासून लांब. उजनी भरली काय नि आटली काय, आमची भिस्त बोअरवर. तरी आम्हीपण विचारतोच, सवयच ती.

२०२३ च्याच ऑक्टोबरच्या शेवटी शासनानं ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात सांगोला होतं. आमचं बोअर तेव्हा पाऊण तास चालून हवा ओकायला लागलं होतं. अडीच एकर डाळिंब. सासऱ्यांनी स्वतःच्या पैशानं घातलेलं ठिबक क्षारानं बुजलेलं. निम्म्या नळ्या खारींनी कुरतडलेल्या. एका झाडापाशी डबकं, शेजारचं झाड कोरडं ठाक. पाणी कमी होतंच, पण जे होतं तेही जागेवर जात नव्हतं. म्हणून ठरवलं, नवीन ठिबक, अनुदानातून. घरात बारावी शिकलेली मीच, त्यामुळे कागदांचं काम माझ्याकडे आलं.

योजनेचं गणित ऐकायला सोपं. ‘प्रति थेंब अधिक पीक’मधून अल्पभूधारकाला ५५ टक्के आणि त्यावर राज्याचं पूरक अनुदान २५ टक्के, एकूण ८०. पाच एकरांच्या वर जमीन असली तर ७५. महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर अर्ज करायचा, निवड झाली की कागद चढवायचे, पूर्वसंमती आली की संच बसवायचा, बिल जोडायचं, मग मोका तपासणी.

पहिल्याच पायरीला घोडं अडलं. सातबाऱ्यावर आमचं बोअर नव्हतंच. २०१३ च्या दुष्काळात पाडलेलं, ४८० फूट, दहा वर्षं त्याच्यावर घर चाललं, पण कागदाच्या लेखी रान कोरडवाहू. आणि सातबारा अजून मामांच्याच, म्हणजे सासऱ्यांच्याच नावावर. ते जाऊन चार वर्षं झाली होती.

आधी वारस नोंद. अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. नावं लागली चार: आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, आमचे हे, आणि दोन्ही नणंदा. नावं लागली तसं खातं सामाईक झालं, म्हणजे आत्तींच्या नावानं अर्ज करायचा तर बाकीच्यांचं संमतीपत्र. धाकट्या वन्सं पंढरपुरात, त्यांनी सही करून वर डब्यात धपाटी दिली. थोरल्या पुण्यात. त्यांनी फोनवर विचारलं, “सही कसली गं, हक्कसोड तर नाही ना?” मला राग आला होता. आता वाटतं, बरोबरच होतं त्यांचं. बायकांच्या सह्या अशाच घेतल्या जातात. मी संमतीपत्राचा फोटो पाठवला, त्यांनी शेजारच्या वकिलांकडून वाचून घेतला आणि मगच सही केली.

बोअरच्या नोंदीला वीजबिल जोडलं, पंचनामा झाला. तेवढ्यात पोर्टलवरची मुदत संपून निवड रद्द. पुन्हा अर्ज. मध्ये ओटीपीनं आठवडा खाल्ला, कारण आत्तींच्या आधारला जोडलेला नंबर मामांच्या जुन्या सिमचा, आणि ते सिम कधीच बंद पडलेलं.

पूर्वसंमती आली २०२४ च्या पावसाळ्यात. इथं एक गोष्ट सांगते, जी आम्हाला कुणी आधी सांगितली नाही. अनुदान मागाहून येतं. संच आधी आपल्या खिशातून. आणि टक्के मोजतात ते शासनाच्या मापदंडातल्या दरावर, दुकानदाराच्या बिलावर नव्हे. आमचं बिल मापदंडाच्या वर गेलं, तो फरक आमचाच. मी बचत गटातून सत्तर हजार उचलले, दोन टक्के महिना. महिन्याला चौदाशे व्याज. पहिला हप्ता खात्यावर यायला आठ महिने लागले, म्हणजे अकरा हजार दोनशे व्याजातच गेले. ८० टक्के म्हणताना हे कुणी धरत नाही. ज्याला सत्तर हजार उचलताच येत नाहीत, तो यादीत असूनही बाहेरच राहतो. आमच्या वाडीतले दोघं तसेच राहिले.

तपासणीच्या दिवशी आत्तींनी लग्नाकार्यातलं लुगडं नेसलं. लाभार्थी त्याच, फिल्टरशेजारी उभं राहून फोटो त्यांचाच. कृषी सहायकांच्या मोबाइलला जागेचं लोकेशन सापडेना. बारा वाजेपर्यंत आत्ती उन्हात उभ्या. मग सहायकांनी नळ्यांची लांबी टेपनं मोजली, सबमेन पाहिली, फ्लश व्हॉल्व्ह उघडून बघितला.

ते गेल्यावर आत्तींनी स्वतःची तपासणी केली. “ह्याच्यातनं किती पडतंय म्हणलीस?” म्हटलं, तासाला चार लिटर. त्यांनी लिटरचा तांब्या नळीखाली ठेवला आणि बांधावर बसल्या. पाव तासानं तांब्या काठोकाठ भरला. मग उठून त्याच ओळीच्या पार शेवटच्या झाडाखाली ठेवला. तिथंही तेवढ्याच वेळात भरला. “मग ठीक हाय,” म्हणाल्या. माझ्या लेखी संच तेव्हा मंजूर झाला.

पाण्याची बचत झाली का? झाली. पहिल्या हंगामात बोअर पूर्वीएवढंच चालून सगळी बाग भिजली. पण मे २०२५ मध्ये पावसानं असं झोडपलं की महिनाभर व्हॉल्व्ह उघडावाच लागला नाही, आणि दमट हवेत डाळिंबावर तेलकट डाग आले. उतरलेल्या मालातले निम्मे क्रेट दुय्यम भावानं गेले. दुष्काळासाठी घेतलेला संच पावसापुढे काय करणार? त्या वर्षी हातात आलं ते औषधं, मजुरी आणि गटाचा हप्ता यांत संपलं. पूरक अनुदानाचा भाग अजून यायचाय. आत्ती दर महिन्याला पासबुक भरून आणायला लावतात.

आणि पाणी वाचलं म्हणताच आमच्या ह्यांनी उरलेल्या एकरात मका टोकली, तिकडं एक लाइन ओढली. माझं म्हणणं होतं, वाचलेलं पाणी जमिनीतच राहू दे. “एक एकर मोकळं ठेवून खायचं काय?” हे म्हणाले. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जानेवारीत बोअर पुन्हा हवा ओकायला लागलं. तेव्हापासून सकाळी हे दूध घालायला डेअरीवर गेले की आत्ती मक्याकडचा व्हॉल्व्ह अर्धा फिरवतात आणि बागेकडं येऊन बसतात, तांब्या घेऊन.