थंडी आणि कंदमुळांचं सूप
आज दिवसभर गारठा इतका की स्वयंपाकघरात शेगडीपाशी उभं राहायला निमित्तच हवं होतं. मग गाजर, रताळं, एक बटाटा, कांदा आणि लसूण असं सूप केलं. बीट मुद्दाम वगळलं. ते एकदा पडलं की बाकी कुणाचा रंग उरत नाही!

भाज्या थेट उकडण्यापेक्षा आधी भाजाव्यात, हे माझं ठाम मत. तेल लावून ओव्हनमध्ये 200 अंशांवर साधारण 40 मिनिटं. कडा तपकिरी होतात, गोडवा एकवटतो आणि खमंग वास घरभर फिरतो. उकडताना यातलं काहीच घडत नाही. दाटपणाला कॉर्नफ्लोअर लागत नाही, बटाट्यातला स्टार्च पुरतो. फक्त मिक्सर फार वेळ फिरवू नका, बटाटा चिकट होतो.

वरून चमचाभर लोणी घातलं. गाजरातलं बीटा कॅरोटिन स्निग्धांशाबरोबर जास्त चांगलं शोषलं जातं, त्यामुळे हा लाड शास्त्रशुद्ध आहे! शेवटी मिरपूड आणि लिंबू, नाहीतर सगळं गोडमिट्ट लागतं.

उरलेलं उद्या आणखी घट्ट होईल. गरम पाणी घालून सारखं करायचं.