गेमची वाटणी

एम. जी. रोडवरच्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात लोक येतात ते व्हिडिओ गेमच्या कन्सोलचा पंखा साफ करायला, नाहीतर टीव्हीला जोडायचा एचडीएमआय पोर्ट बदलायला. मखमलाबादचे दोघे सख्खे भाऊ आले ते वाटणी करून घ्यायला. बाग, ट्रॅक्टर, घर सगळं मार्गी लागलं होतं. राहिला होता पीएस ५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल, आणि त्यातले गेम.

कन्सोल धाकट्याने ठेवायचा, थोरला नवा घेणार, एवढं ठरवून आले होते. डिस्कचं काम लगेच उरकलं. रीतीप्रमाणे थोरल्याने वाटे घातले, धाकट्याने आधी उचलला. पीएस ४ च्या डिस्कही वाट्यात धरल्या, कारण बहुतेक पीएस ५ वर चालतात. पीएस ३ च्या चालत नाहीत. त्या मशिनचा ‘सेल’ नावाचा प्रोसेसरच वेगळ्या घडणीचा. त्या डिस्क दोघांनाही नको होत्या.

अडलं ते डाउनलोड केलेल्या गेमपाशी. सगळे थोरल्याच्या अकाउंटवर.

"निम्मे पैसे माझे आहेत," धाकटा म्हणाला.

असतीलही. पण तिथे आपण घेतो तो खेळण्याचा परवाना, आणि तो एका अकाउंटला बांधलेला. सातबाऱ्यावर निदान दुसरं नाव चढवता येतं!

शेवटी सेटिंगमधून वाट काढली. कन्सोल शेअरिंग एका अकाउंटला एकाच पीएस ५ वर चालू ठेवता येतं. मग त्या मशिनवर दुसराही स्वतःच्या अकाउंटवरून तेच गेम खेळू शकतो. ते धाकट्याच्या मशिनवर ठेवलं. थोरला नव्या मशिनवर लॉगिन करून खेळेल. पण त्याच्या मनात आलं तर तो घरबसल्या हे बंद करू शकतो, हेही दोघांना समोरासमोर सांगितलं.

"मग पीएस ६ आला तर काय बघून घ्यायचा, भाऊ?" थोरल्याने मला विचारलं.

ग्राफिक्सचं मला आता फारसं कौतुक नाही. डिस्क घालायला जागा आहे का आणि जुने गेम चालतात का, एवढं मी आधी बघेन. नोव्हेंबर २०२४ च्या पीएस ५ प्रोला डिस्क ड्राइव्ह वेगळी घ्यावी लागते. जून २०२५ च्या निन्टेन्डोच्या स्विच २ कन्सोलच्या काही गेम-कार्डांत तर गेम नसतोच, नुसती किल्ली असते. गेम नेटवरून उतरवायचा. तरी ते कार्ड निदान विकता येतं. आमच्याकडे येणारी पोरं एक डिस्क संपवतात, विकतात, वर थोडे पैसे घालून दुसरी नेतात. डिस्कच गेली तर त्यांनी दर वेळी पूर्ण किंमत मोजायची?

निघताना धाकटा म्हणाला, "दादा, रागाच्या भरात बंद करू नको हां."

"वहिनीला सांग. पासवर्ड तिच्याकडे आहे."