आधी धरायचे कशाने?

प्लॅस्टिकची छोटी मॉडेल्स जोडून रंगवण्याच्या छंदात १:७२ हे एक प्रमाण असते, म्हणजे मूळ वस्तूच्या बहात्तराव्या भागाएवढे; त्यात सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. नाशिकजवळच्या ओझरला ज्याची निर्मिती झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जे भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले, ते मिग-२१ हे लढाऊ विमान या प्रमाणात पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम दहा सेंटिमीटर भरते, आणि त्यात बसणाऱ्या वैमानिकाचे शिरस्त्राण साबुदाण्याएवढे असते. असे भाग रंगवायला घेतले की रंग लावण्याचा प्रश्न नंतर येतो. भाग धरायचा कशाने, हा आधी येतो.

बोटांवरचे तेल प्लॅस्टिकला लागले की ॲक्रिलिक रंग तिथे नीट धरत नाही, शिवाय जिथे बोट टेकलेले असते तिथे ब्रश पोचत नाही. त्यामुळे माझ्याकडची बहुतेक घरगुती अवजारे रंगवण्याची नसून धरण्याची आहेत. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या क्रोकोडाइल क्लिपच्या (दातेरी चिमट्याच्या) मागच्या नळीत बांबूची काडी घट्ट बसवली आणि ती काडी थर्मोकोलच्या ठोकळ्यात खोचली, की रंगवलेला भाग वाळेपर्यंत कशालाही न टेकता उभा राहतो. क्लिपने भाग नेमका तिथेच पकडावा जिथे पुढे तो चिकटवायचा आहे. ती जागा बिनरंगाची राहते आणि तशीच राहायला हवी, कारण मॉडेल चिकटवायचा पातळ द्रव, ज्याला सिमेंट म्हणतात, प्लॅस्टिक विरघळवून सांधतो आणि मध्ये रंगाचा थर आला तर सांधा कच्चा राहतो. फारच बारीक तुकड्यांसाठी उदबत्ती जळून गेल्यावर उरलेली काडी आणि तिच्या टोकाला चिकट पुट्टीचा ठिपका एवढे पुरते.

या सगळ्यांत मला खरी गंमत वाटते ती चाकांच्या काडीची. मिगचे मुख्य चाक साधारण एक सेंटिमीटरचे, मधली तबकडी हिरवी आणि भोवती काळपट राखाडी टायर. या दोन रंगांमधली गोल रेघ मोकळ्या हाताने काढणे कोणत्याही सरावाने साधते असे मला वाटत नाही. आसाच्या भोकात दात कोरायची काडी घट्ट बसवावी, ब्रशचा हात टेबलावर टेकवून स्थिर ठेवावा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत काडी सावकाश फिरवावी, म्हणजे वर्तुळ आपोआप पुरे होते. कुंभार चाकावर हेच करतो, हात जागेवर ठेवतो आणि माती फिरू देतो.

ठिपक्यांसाठी शिवणाच्या सुईसारखे साधन नाही. पकडीने तिच्या नेढ्याचा वरचा भाग तोडला की दोन टोकांचा इवलासा चिमटा उरतो. त्यात रंगाचा थेंब अडकून राहतो आणि पृष्ठभागाला टेकताच खाली उतरतो. पंखाच्या टोकांवरचे लाल-हिरवे दिवे असेच करावेत. (सुई तोडताना चष्मा हवाच, तुकडा कुठेही उडतो.) रंग मिसळायला औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातले खळगे उत्तम.

ब्रश मात्र विकतचाच घ्यावा. जुन्या ब्रशचे केस कापून त्याला दोन-तीन केसांचा करण्याचा सल्ला अनेकजण देतात, पण तो मला पटत नाही: इतक्या कमी केसांत रंग मावतच नाही, आणि जो मावतो तो भागापर्यंत पोचेस्तोवर वाळायला लागतो. त्यापेक्षा पोट भरलेला आणि टोक शाबूत असलेला एक नंबरचा गोल ब्रश पुष्कळ बरा.