आमची वाटचाल : दांडिया बाजारातला कपडेपट

बडोद्यातल्या आमच्या नाट्यमंडळाच्या यंदाच्या हंगामाचं पत्रक आलं. ‘संगीत सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’, ‘एकच प्याला’ आणि पोट धरून हसायला ‘मोरूची मावशी’. पहिला प्रयोग दिवाळीनंतर, शेवटचा होळीच्या आगेमागे. जागा अकोट्याचं सर सयाजी नगरगृह, तारखा हॉल मिळेल तशा. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘कपडेपट’, म्हणजे नाटकाचे कपडे, टोप, दागिने भाड्याने देणारे, आणि त्यापुढे आमच्या दुकानाचं नाव. मधले काही हंगाम तिथे दुसरंच नाव छापलं जायचं. ते का छापलं गेलं आणि का पुसलं गेलं, हे बडोद्यातल्या नाटकवाल्यांना माहीत आहे. पण ज्याने त्याने आपापल्या सोयीचं तेवढंच सांगितलंय. म्हणून आता मी लिहिते.

दुकान माझ्या सासऱ्यांचं. त्यांना अख्खा दांडिया बाजार ‘दादा’ म्हणायचा. दादा हौशी नट, नेहमी दुय्यम भूमिकांतले. एक फिरती नाटक कंपनी मोडीत निघाली तेव्हा त्यांनी तिच्या दोन ट्रंका कपड्यांसकट विकत घेतल्या. घरात त्यावरून जे व्हायचं ते झालं. या दोन ट्रंकांना मांडवीतले एक टेलर मास्तर आपलं शिलाई मशीन घेऊन येऊन मिळाले, तीच आमची भागीदारी. कागदपत्र कसलंच नाही. मास्तरांना मराठी सगळं समजायचं, पण बोलायचे ते गुजरातीच. कुणी नटाचं माप चिठ्ठीवर लिहून पाठवलं की चिठ्ठी परत करायचे. “पहेलां माणस लावो, पछी कापड.” माणूस आला की त्याला हात वर करायला लावायचे, खाली बसवायचे, आणि संगीत नाटकाचा असला तर एक तान घ्यायला लावायचे. तान घेताना पोट किती फुगतं ते बघून टेप लावायचे. गाणाऱ्याचा कंबरपट्टा दोन बोटं सैल आणि गळ्याशी काही आवळलेलं नको, हा त्यांचा नियम. आजही आमच्या मापवहीत गायक नटांचं कमरेचं माप दोनदा लिहिलेलं असतं, एक उभ्याचं आणि एक तानेचं.

दादांचा जीव टोपांवर, म्हणजे नटांच्या खोट्या केसांवर. शिसवी लाकडाचं डोकं, त्यावर ताणलेली जाळी आणि हातात टोकाला वळवलेली बारीक आकडी. एकेक केस जाळीच्या घरातून ओढायचा, गाठ मारायची. कपाळाच्या कडेला एका घरात एकच केस, मागे गेलं की दोन-तीन चालतात. पुढची कड दाट झाली की टोप टोपीसारखा दिसतो, मग नट कितीही मोठा असो. ती आकडी अजून माझ्याकडे आहे. तिच्या मुठीवर दादांच्या अंगठ्याचा खळगा पडलाय आणि माझा अंगठा त्यात बसत नाही, त्यामुळे मी दुसरी वापरते.

मुकुट, बाजूबंद, कंठे हे सगळं कागदाच्या लगद्याचं. साच्यावर थर द्यायचा, वाळला की दुसरा, मग सरस, मग बेगड आणि टिकल्या. हलकं आणि मुकं काम. ‘मुकं’ म्हणजे काय ते पुढे येईलच.

मधली वर्षं गेली. शाळांची स्नेहसंमेलनं, शिवाजी-जिजाऊ, गणपतीतले देखावे, नवरात्रात चणियाचोळी आणि केडियुं. गरब्याच्या भाड्यावर नाटकाचा तोटा भरून निघायचा. यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते त्या मुलाचं. नाव लिहीत नाही, मोठ्या रस्त्यावर आता त्याच्या दुकानाला काचेचं दार आहे, एवढं पुरे. आमच्याकडे तो पोरसवदा असताना आला. इस्त्री, बटणं, ट्रंका उचलणं यापासून सुरुवात. मास्तरांनी त्याला अंगरखा बेतायला शिकवला, दादांनी मिशी चिकटवायला. क्रेपचे केस आधी ओले करून सरळ करायचे, मग कापायचे, स्पिरिट गम, म्हणजे चिकटवायचा डिंक, थोडा वाळू द्यायचा आणि मग लावायचं. हे त्याला आमच्या दुकानात कळलं. घरच्यासारखा जेवायला असायचा. एक दिवस म्हणाला, वहिनी, गावी जातोय. गावी गेला नाही. गेली आमच्या मापवहीची झेरॉक्स. वहीत बडोद्यातल्या दोन पिढ्यांच्या नटांची मापं होती, कुणाचा डावा खांदा उतरता आहे इथपर्यंत. झेरॉक्स वाल्यानेच मला पुढे सांगितलं, त्याला वाटलं होतं आम्हीच पाठवलंय.

तरी तो फॅन्सी ड्रेस आणि गरब्यापुरता होता तोवर मी बोलले नाही. मग आला 2019 चा जुलै. 31 तारखेला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ 20 इंच पाऊस पडला. आमचं गोडाऊन तेव्हा परशुराम भठ्ठ्याकडे, म्हणजे विश्वामित्री नदीचं पाणी जिथे आधी येतं तिथे. वनखात्याची माणसं वस्तीतून मगरी पकडत होती, तेव्हा ट्रंका काढायला कोण जाणार? पाणी उतरल्यावर गेलो. मुकुटांचा परत लगदा झाला होता. शेल्यांचा लाल रंग पांढऱ्या धोतरांत उतरला होता आणि सुरतेची खरी जर काळी पडली होती. त्यातला एक शालू दादांच्या पहिल्या ट्रंकेतला.

ज्यांच्याकडे कधी असं पाणी शिरेल त्यांच्यासाठी सांगून ठेवते. चिखलाचा कपडा उन्हात टाकू नका. चिखल वाळला की धाग्यात बसतो, मग तो निघत नाही. आधी साध्या पाण्यातून खळबळून चिखल काढा, रंग जाणारे कपडे वेगळे करा, आणि सावलीत, वाऱ्यावर. जर ब्रशने घासू नका. विमा कंपनीच्या माणसाला बोलवायच्या आधी फोटो काढा. आमचा विमा दुकानाचा होता, गोडाऊनचा नव्हता, हे त्या माणसाने फार गोड शब्दांत समजावलं.

आम्ही गच्चीवर कपडे वाळवत होतो तेव्हा काचेच्या दारातून फोन चालले होते. आमच्याच वहीतल्या नंबरांवर. “त्यांचं सगळं वाहून गेलं, दुकान बंद करतायत.” लोक सांत्वनाला यायचे आणि जाताना डिपॉझिट परत मागायचे. आमच्याकडे नवरात्राचं बुकिंग अर्ध्यावर आलं. मास्तर तोवर नव्हतेच, दादा अंथरुणाला खिळलेले. बँकेतला माणूस म्हणाला, जागा विका, भाव चांगला येईल.

त्या महिन्यात एकच गिऱ्हाईक उलटं आलं. काकू. शाळेत मराठी शिकवायच्या, निवृत्त झाल्यावर दरवर्षी एक नाटक बसवतात आणि भाडं आगाऊ देतात. नाटकवाल्यांत आगाऊ भाडं देणारी व्यक्ती मी दुसरी पाहिलेली नाही. काकू गच्चीवर आल्या, दोरीवरची लुगडी एकेक हातात घेऊन बघितली. डाग, विरलेली काठं, उतरलेला रंग. म्हणाल्या, “हे फेकू नकोस गं, यंदा ‘एकच प्याला’ करू. सिंधूला हेच लागतं.” मला आधी चेष्टा वाटली. पण त्या हिशोब करून आल्या होत्या. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने 1919 साली केला तो बडोद्यातच, सयाजीराव महाराजांचा मंडळीला आश्रय होता. नाटककार गडकरी त्याच्या महिनाभर आधीच गेले, त्यांना तो बघायला मिळाला नाही. भरजरी शालूंसाठी ज्यांचं नाव, ते बालगंधर्व नायिका सिंधू म्हणून ठिगळांचं लुगडं नेसून उभे राहिले. त्याला त्याच वर्षी शंभर वर्षं झाली होती. काकूंना शंभरीचा प्रयोग करायचा होता, आणि आमच्याकडे गावातलं सगळ्यात खरं फाटकं कापड होतं.

फाटकं म्हणजे नुसतं फाटलेलं नव्हे. पहिल्या अंकात सिंधू सुखवस्तू घरातली आहे, तिची घसरण अंकाअंकाने दिसायला हवी. आम्ही तीन लुगडी लावली. शेवटच्याचे काठ पॉलिश पेपरने घासले, चहाच्या पाण्यात बुडवलं, ठिगळं जाड दोऱ्याने घातली, कारण बारीक टाका पाचव्या रांगेपुढे दिसत नाही. प्रयोग हिवाळ्यात झाला. काही आठवड्यांनी सगळीच नाट्यगृहं बंद झाली, ते सर्वांना ठाऊक आहे.

नाट्यगृहं उघडली तेव्हा मंडळाने स्वस्त दर बघून काम काचेच्या दाराला दिलं. मला कळलं ते पत्रकावरूनच. मी प्रयोगांना जात राहिले, तिकीट काढून. ‘सौभद्र’मध्ये यतीच्या वेषातल्या अर्जुनाला सॅटिनची भगवी छाटी! त्रिदंडी संन्याशी स्टेजवर चमचमतोय. निळ्या प्रकाशात लाल शेला काळा दिसतो, तर तिथे कृष्णाचा शेला लाल आणि प्रकाश निळा. प्रकाशवाल्याला कपडे आधी दाखवायचे असतात हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, आमच्याकडे शिकला होता, कंटाळा केला.

पण लोकांचं कपड्यांकडे लक्ष जायला वेळ लागतो, कानाकडे लगेच जातं. हल्ली गाणारे नट छातीशी बारीक माइक लावतात. त्याने मुंबईहून पत्र्याचे तयार दागिने आणले होते, दिसायला झकास. सुभद्रेने पहिली तान घेतली आणि कंठा माइकवर घासला. खर्र, खर्र. प्रत्येक तानेला. ऑर्गनवाले वर बघायला लागले. दुसऱ्या अंकात तिने दागिना काढूनच पद म्हटलं. लगद्याचा कंठा आवाज करत नाही. ‘मुका’ म्हणतात तो यासाठी. मंडळाचे चिटणीस पुढच्या आठवड्यात दुकानात आले, चहा घेतला, हवापाण्याचं बोलले आणि उठताना यंदाची यादी ठेवून गेले. दर विचारला नाही. मी तो आधीच वाढवून ठेवला होता.

यंदाचं काम असं आहे. ‘सौभद्र’ 1882 चं नाटक, त्यात अर्जुनाला आतून वीरवेष आणि वरून छाटी, त्यामुळे कापड सुती आणि झिरझिरीत नको. ‘संशयकल्लोळ’ला कपड्यांइतकीच ती तसबीर महत्त्वाची, सगळा घोटाळा तिच्यावर, ती लांबून ओळखू यावी आणि हातात मावावी. फाल्गुनरावांची पगडी बांधलेलीच देऊ, चिकटवलेली नाही. मावशीचं नऊवारी मात्र शिवलेलं. पुरुषाला विंगेत पाऊण मिनिटात नेसवायचं तर निऱ्या आधी टाचलेल्या, कासोटा इलॅस्टिकवर, पोलक्याला मागून वेल्क्रो. खाली सुती गंजिफ्रॉक घालाच, घामाने पोलकं कुजतं.

आणि हौशी मंडळींनो, रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी कपडे न्यायला येऊ नका. किमान चार तालमी त्या कपड्यात करा, धोतरात जिना चढून बघा, गंगावन लावून मान वळवून बघा. अंगरख्यात मोबाइल ठेवू नका, खिसा लोंबतो. जरीवर अत्तर-डिओ मारू नका. पान खाऊन शेला परत आणलात तर डिपॉझिट विसरा.

गोडाऊन आता पहिल्या मजल्यावर आहे. 2024 च्या ऑगस्टात गावात पुन्हा पाणी शिरलं तेव्हा आमची एक टिकलीही भिजली नाही. काकू यंदाही ‘एकच प्याला’च बसवतायत, लुगडी तीच. मापं घेणं सुरू आहे, संध्याकाळी पाच ते आठ, रविवारी बंद. बलरामाचं काम करणाऱ्यांनी अजून माप दिलेलं नाही. दोनदा चिठ्ठी पाठवली त्यांनी, मी परत केली.