दोन रकाने

रविवार, रात्र.

टोनी मॉरिसन या अमेरिकी लेखिकेची गुलामगिरीवरची कादंबरी ‘बिलव्हेड’ अमेरिकेतल्या बारावीच्या वर्गात असावी का? २०१६ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने वर्गात शिकवायच्या पुस्तकांतल्या लैंगिक मजकुराची आगाऊ कल्पना पालकांना देण्याची सक्ती करणारं विधेयक मंजूर केलं. त्याला नावच ‘बिलव्हेड बिल’ पडलं. गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ यांनी नकाराधिकार वापरून ते अडवलं.

आगाऊ कल्पना द्यायला काय हरकत आहे? द्यावीच. हवं त्याला दुसरं पुस्तकही द्यावं. एपी लिटरेचरच्या (शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेज-दर्जाच्या साहित्य-अभ्यासक्रमाच्या) परीक्षेत तिसऱ्या निबंधासाठी कलाकृती विद्यार्थीच निवडतो, त्यामुळे अमुकच पुस्तक हवं हा आग्रह लंगडा आहे. फक्त त्या मुलाला ग्रंथालयात एकटं बसवून ठेवू नये. त्याच्या पुस्तकालाही वर्गातलेच प्रश्न विचारता आले पाहिजेत.

तरी कादंबरी वर्गात हवीच असं मला वाटतं. सतरा-अठराची मुलं तिला पेलतात. फसतं ते शिकवण्याच्या घाईत. तीन भागांत मिळून २८ प्रकरणं (१८, ७, ३), आणि एकालाही क्रमांक नाही. पहिल्या दिवशी पेन्सिलीने आकडे घालून घ्यावेत, नाहीतर ‘कुठलं प्रकरण?’ यातच तास जातो. चार आठवडे हवेत. पहिल्याच प्रकरणात बळजबरीचा उल्लेख येतो, तेव्हा ते घरी वाचायला देऊन मोकळं होऊ नये. दुसऱ्या भागातलं विरामचिन्हं नसलेलं स्वगत वर्गात मोठ्याने वाचावं; डोळ्यांना न लागणारा अर्थ कधीकधी कानाला लागतो. वांशिक शिवी मात्र मोठ्याने उच्चारू नये. आणि वर्गातल्या एकुलत्या कृष्णवर्णीय मुलाकडे ‘तुला काय वाटतं?’ म्हणून वळू तर नयेच.

१८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा आधी सांगावा, मार्गारेट गार्नरची १८५६ ची हकिगत मागाहून; पळून आलेल्या या गुलाम आईने पकडले जाताना स्वतःच्या मुलीला मारलं, त्यावरूनच कादंबरी सुचली. गुलामीतून पळालेल्या नायिकेने, सेथने, लेकीचा जीव घेतला हे लेखिका पहिल्या भागाच्या शेवटाकडे उघड करते. प्रस्तावनेतच ते फोडलं तर निम्मी रचना वाया जाते.

कथेचा काळ १८७३. जोतीरावांची ‘गुलामगिरी’ त्याच वर्षी निघाली, तीही गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलेली. मराठी घरातलं मूल त्या वर्गात असेल, तर ही जोड त्याला आवर्जून सांगावी.

निवडक पानं फाडून दाखवणाऱ्यांना एक उतारा सहसा सापडत नाही. सेथ गुलाम होती त्या मळ्यावरचा मास्तर, त्याचं नावच स्कूलटीचर, विद्यार्थ्यांकडून वहीत दोन रकाने भरून घेतो: एकात सेथचे माणसाचे गुण, दुसऱ्यात जनावराचे. ती हे चोरून ऐकते. त्या एका उताऱ्याला पूर्ण तास द्यावा. शेवटी, खचून अंथरुणाला खिळल्यावर, ती पॉल डीला, मळ्यावरच्या जुन्या सोबत्याला, म्हणते की त्या लिखाणाची शाई मीच बनवली होती. एवढं सगळं सोसून तिला शाईच का टोचते, हा प्रश्न फळ्यावर लिहावा आणि गप्प बसावं.